बारगीर ते बर्गी : एका अंगाईत अडकलेला शब्द

गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी एक लहानसं काम हाती घेतलं. भारतातल्या वेगवेगळ्या भाषांतल्या अंगाया मराठीत आणायच्या. अट एकच, ती ओळ नुसती वाचून चालणार नाही, बाळाला थोपटताना म्हणता आली पाहिजे. बंगालीचं पान माझ्याकडे आलं. चार ओळी होत्या. वाटलं, एका संध्याकाळचं काम. त्यातल्या एका शब्दावर आम्ही जवळजवळ दोन महिने अडलो, आणि त्या दोन महिन्यांत मी जे वाचलं, ऐकलं, खोडलं ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

मूळ अंगाई उच्चाराप्रमाणे अशी:

खोका घुमालो, पाडा जुडालो, बोर्गी एलो देशे,
बुलबुलिते धान खेयेछे, खाजना देबो किशे?
धान फुरालो, पान फुरालो, खाजनार उपाय की?
आर कॉटा दिन शोबुर कॉरो, रोशुन बुनेछि.

बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बोर्गी आले. बुलबुलांनी भात खाल्लं, आता सारा, म्हणजे शेतसारा, कशाने भरू? भात संपलं, विड्याची पानं संपली, साऱ्याचं काय करायचं? आणखी थोडे दिवस धीर धरा, लसूण लावला आहे.

पश्चिम बंगाल असो की बांगलादेश, ही अंगाई कानावरून न गेलेलं माणूस विरळाच. आणि यातले ‘बोर्गी’ म्हणजे महाराष्ट्रातून गेलेले घोडेस्वार. आमच्या गटात एक मैत्रीण कोलकात्यात वाढलेली, लग्नानंतर पुण्यात आलेली. ती म्हणाली, “लहानपणी आई म्हणायची तेव्हा बोर्गी म्हणजे अंधारात येणारं काहीतरी, एवढंच माहीत होतं. शाळेत इतिहासाच्या तासाला कळलं की ती माणसं होती. आणि इथे येऊन सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी हा शब्दच कधी ऐकला नव्हता.”

माझा पहिला मसुदा ‘मराठे आले देशी’ असा होता. आमच्यातले सर्वांत वडीलधारे, आयुष्यभर इतिहास शिकवलेले सर, तो वाचून गप्प झाले. मग म्हणाले, “अगं, आपल्याच लेकरांना आपलीच बदनामी गाऊन का झोपवायचं?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच लागलं होतं. तिथून सगळं सुरू झालं.

घरातला अर्थ

‘बोर्गी’चं मूळ ‘बारगीर’ यावर कुणाचं दुमत नाही. शब्द फारसी. ‘बार’ म्हणजे ओझं; आपल्या किराणा दुकानातलं ‘बारदान’ त्याच घरातलं. ‘गीर’ म्हणजे घेणारा, धरणारा. जहांगीर, आलमगीर या नावांतला तोच. म्हणजे बारगीर हा मुळात ओझं वाहणारा, आणि फारसीत तो आधी घोडा किंवा ओझ्याचं जनावर आहे. दख्खनमध्ये येता येता तो घोड्यावर बसणारा माणूस झाला, आणि मराठी लष्करात त्याला अगदी नेमका, कागदोपत्री अर्थ मिळाला: ज्याचा घोडा स्वतःचा नाही, सरकारचा किंवा सरदाराचा आहे, असा स्वार.

त्याच्या समोर उभा शिलेदार. घोडा त्याचा, हत्यार त्याचं. शिवाजी महाराजांनी या दोघांपैकी जोर दिला तो बारगिरांच्या पागेवर. १६९४ साली जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने ही रचना नोंदवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. शिलेदारांना पागेच्या हाताखाली दिलं, म्हणजे पुंडावा, बंडखोरी करायला कुणाला बळ राहू नये.

यामागे साधा हिशेब आहे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटी गेली, म्हणून तो घोडा जपतो आणि लढताना आधी स्वतःचा विचार करतो. बारगिराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळतो. पण त्याच कारणाने बारगीर हुकुमाबाहेर जाऊ शकत नाही. घोडा सोडून तो जाणार कुठे? म्हणजे घरच्या अर्थात बारगीर हा फौजेतला सर्वांत शिस्तीत बांधलेला आणि सर्वांत निर्धन स्वार.

आणि या स्वारांकडूनही रयतेला काय होऊ शकतं हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पडली असताना त्यांनी तिथल्या जुमलेदारांना आणि हवालदारांना, म्हणजे बारगिरांच्याच अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेताने वापरा; ती संपली म्हणजे तुम्ही कुणब्यांचे दाणे आणाल, भाकर, गवत, भाजी आणाल; मग जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही जाऊ लागतील; आणि त्यांना वाटेल की मुलखात मोगल आले त्याहूनही तुम्ही अधिक. हे पत्र मी आधीही वाचलं होतं. अंगाई शेजारी ठेवून वाचलं तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला. कारण त्या पत्रातली भीती साधारण सत्तर वर्षांनी, बंगालमध्ये, शब्दशः खरी झाली.

शब्द आखूड कुठे झाला

मला आधी वाटलं होतं की ‘बारगीर’चं ‘बर्गी’ बंगाली जिभेने केलं असणार. तसं नाही. ‘बर्गी’ हे आखूड रूप दक्षिणेतल्या युद्धांबद्दल फारसीत लिहिणाऱ्यांनी फार आधी वापरलं आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूने लढणाऱ्या हलक्या मराठी घोडदळाला जहांगीरच्या काळातले लोक ‘बर्गी’ म्हणत, आणि त्यांच्या लढण्याच्या पद्धतीला ‘बर्गीगिरी’. समोरासमोर न भिडता रसद तोडायची, पाठीवर यायचं, छावणी लुटायची, निसटायचं. मोगल लिखाणात या शब्दाला तेव्हाच कुरबुरीचा वास आहे. म्हणजे बंगालच्या नवाबाच्या फारसी दरबारात हा शब्द स्वार येण्याच्या आधीच पोचलेला असणं सहज शक्य आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या बर्गीगिरीला आपण अभिमानाने काय म्हणतो? गनिमी कावा. आणि ‘गनीम’ म्हणजे फारसीत शत्रू. मोगल आपल्याला गनीम म्हणत. त्यांनी आपल्यासाठी वापरलेला शब्द आपण उचलला आणि मिरवला. आपला स्वतःचा ‘बारगीर’ मात्र आपण विसरलो. शिलेदार अजून जिवंत आहे, ‘एकांडा शिलेदार’ आपण रोज म्हणतो, निवडणुकीच्या बातम्यांत प्रत्येक पक्षाला शिलेदार असतात. मावळाही आहे. बारगीर कुठे आहे? काही घरांच्या आडनावात आणि इतिहासाच्या पुस्तकात. बोलण्यातून तो गेला. ज्याच्याकडे घोडा नव्हता त्याची आठवण भाषेनेही ठेवली नाही.

इंग्रजांच्या हिंदी घोडदळात तो मात्र काही काळ टिकला. तिथे ‘सिलादार’ पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालली. त्यात दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा स्वार बारगीरच. घोडा पुरवणारा पूर्ण पगार उचलायचा आणि बारगिराला त्यातला थोडा भाग द्यायचा.

दहा वर्षं

आता बंगाल. १७४० साली अलीवर्दीखानाने आधीच्या नवाबाला लढाईत मारून गादी घेतली. पराभूत बाजूचा मीर हबीब, मूळचा इराणातल्या शिराझचा, नागपूरकर रघूजी भोसल्यांना जाऊन मिळाला. १७४२च्या उन्हाळ्यात रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बर्दवानवर आले. नवाब कोंडीत सापडला, मग काटव्याला निसटला. नवाब बाहेर असताना मीर हबीबाच्या सल्ल्याने थेट मुर्शिदाबादवर छापा पडला आणि जगतशेठची पेढी लुटली गेली.

नेहमीप्रमाणे पावसाळ्याआधी फौज परत फिरली असती तर कदाचित अंगाई तयार झालीच नसती. पण ती परत गेली नाही. काटव्याला तळ देऊन तिने भागीरथीच्या पश्चिमेचा मुलूख तो सगळा पावसाळा धरून ठेवला. घोडदळाला भरलेली नदी ओलांडणं अवघड, म्हणून लोक पूर्वेकडे पळाले. गावंच्या गावं रिकामी झाली. भास्कररामांनी काटव्याजवळ दाईंहाटला थाटाने दुर्गापूजा मांडली. सप्टेंबरच्या अखेरीला, पूजा चालू असतानाच, अलीवर्दीने पहाटे नदी उतरून छापा घातला आणि त्यांना पळावं लागलं.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१च्या सुमारास या सगळ्यावर काव्य लिहिलं. त्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. त्याची कथा सुरू होते ती अशी की बंगालमध्ये पाप वाढलं म्हणून शंकराने नंदीला शाहू महाराजांकडे पाठवलं. म्हणजे सुरुवातीला बर्गी देवाची शिक्षा म्हणून येतात. मग कवी पळणारी माणसं एकेक करून दाखवतो: पोथ्यांचे भारे घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, गरोदर बाया. बर्गी माणसाचे हात पाठीमागे बांधतात, ‘रुपी देहो, रुपी देहो’ असं पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि रुपये मिळाले नाहीत तर नाकात पाणी भरतात. शेवटी देवी दुर्गाच त्यांच्यावर कोपते. बर्दवानच्या दरबारातल्या बाणेश्वर विद्यालंकारांनी १७४४ साली संस्कृतात हेच सांगितलं आहे: शाहू राजाच्या फौजेला गरोदर स्त्रिया, तान्ही मुलं, ब्राह्मण, दरिद्री कुणाचीच दया नाही.

सरांनी विचारलं, कवींच्या अतिशयोक्तीवर किती भरवसा ठेवायचा? प्रश्न रास्त होता. कवी वाढवून सांगतात. पण दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या जागी, त्याच दहा वर्षांत लिहिणाऱ्या दोन माणसांनी, तीही मराठ्यांशी धर्माने एक असलेल्या माणसांनी, तेच लिहावं, याकडे डोळेझाक करणं मला जमलं नाही.

पुढचं थोडक्यात. १७४३ साली रघूजी स्वतः आले, आणि त्यांच्या विरोधात पेशवे नानासाहेबही आले. अलीवर्दीने पेशव्यांना बावीस लाख आणि चौथाईचं वचन देऊन आपल्या बाजूला घेतलं आणि पेशव्यांनी रघूजींना हुसकलं. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा या ठिकाणी अलीवर्दीने भास्कररामांना तहाच्या बोलणीसाठी तंबूत बोलावून वीसेक सरदारांसह ठार मारलं. त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ साली तह झाला: वर्षाला बारा लाख चौथाई, आणि ओरिसा भोसल्यांच्या ताब्यात. कोलकात्यातल्या लोकांनी याच भीतीने १७४३ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, ‘मराठा डिच’. सात मैल खणायचा होता, तीनेक मैल झाला. बर्गी तिथवर आलेच नाहीत. खंदक पुढे बुजवला आणि त्याच्या कडेने सर्क्युलर रोड गेला.

अंगाईतली दुसरी ओळ मला इथे उमगली. ‘खाजना देबो किशे?’ गाणाऱ्या आईकडे सारा कोण मागतं आहे, हे गाण्यात सांगितलेलंच नाही. मराठ्यांना द्यायच्या पैशासाठी अलीवर्दीने ‘चौथ मराठा’ नावाचा जादा कर बसवला होता. म्हणजे एकाच घराकडे दोघेजण मागत होते. एक घोड्यावरून, दुसरा कचेरीतून. लसूण निघेपर्यंत थांबा, ही विनवणी दोघांनाही लागू पडते.

पाच शब्द

आमच्यासमोर पाच पर्याय होते. त्यातला ‘पेंढारी’ पहिल्याच बैठकीत बाद झाला; तो काळ वेगळा, माणसं वेगळी, आणि दोष दुसऱ्यावर ढकलायची ती पळवाट होती. ‘लुटारू’चा मोह मला बराच झाला, हे कबूल करते. चालीत चपखल बसतो, मुलांना कळतो, कुणी दुखावत नाही. पण कुणी दुखावत नाही हेच त्याचं कारण असेल तर तो अनुवाद नव्हे. लुटारूला गाव नसतं. बोर्गीला आहे.

‘मराठे’ का नको? सर म्हणत होते त्या कारणाने नव्हे. आज हा शब्द मराठीत एका जातीसाठी वापरला जातो. भास्करराम कोल्हटकर त्या जातीचे नव्हते, मीर हबीब तर इराणी. १७४३ साली एक मराठी फौज बर्गींना घालवायला आली होती. त्या ओळीत ‘मराठे’ घातलं की ऐकणाऱ्याच्या मनात आजचे लोक उभे राहतात, आणि बंगाली आईच्या मनात तसं काही नव्हतं. तिला दहा वर्षं आठवत होती, दर हंगामाला उठणारी धूळ आठवत होती.

मग उरले ‘बारगीर’ आणि ‘बर्गी’.

‘बारगीर’ सरांनी सुचवला आणि मी लगेच उचलून धरला. मूळ शब्द, शुद्ध शब्द, आपला हरवलेला शब्द परत घरी आणायची संधी. ओळही छान जमली होती. तेव्हा मैत्रीण म्हणाली, “सर, बारगीर म्हणजे तुमच्या फौजेतला पगारी स्वार. त्याला घोडा नाही, बिचारा गरीब. हे सगळं मला तुमच्याकडून कळलं, आणि वाईटही वाटलं त्याचं. पण माझी आई त्याच्याबद्दल गात नव्हती.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. तिचं म्हणणं मला घरी जाईपर्यंत पुरतं कळलं नव्हतं. बंगालमध्ये आलेल्या फौजेत शिलेदार होते, बारगीर होते, मुलूखगिरीला मागे लागलेले नुसते लुटीचे गडी होते. तिथल्या गावकऱ्याला घोडा कुणाच्या मालकीचा हे विचारायला वेळ नव्हता. त्याने सगळ्यांना एकच नाव दिलं. त्या क्षणी शब्द आपल्या लष्कराच्या यादीतून बाहेर पडला आणि त्याचा झाला. ‘बारगीर’ लिहिलं असतं तर मी व्युत्पत्ती बरोबर दिली असती आणि त्या लोकांनी शब्दात भरलेलं सगळं काढून टाकलं असतं. आजही बंगालीत ‘बोर्गीर हांगामा’ म्हटलं की तो काळ समोर येतो, आणि बाहेरून येऊन लुटून नेणाऱ्या कुणालाही बोर्गी म्हणतात.

म्हणून ‘बर्गी’. मराठी जिभेला सोपा, अनोळखी, आणि ऐकणाऱ्याला विचारायला लावणारा.

बाळ निजलं, आळी निवली, बर्गी आले देशी,
बुलबुलांनी भात खाल्लं, सारा भरू मी कशी?
भात सरलं, पान सरलं, सारा देऊ काय?
चार दिवस थांबा, बाबा, लसूण लावलाय.

‘पाडा जुडालो’ला ‘आळी निवली’ मिळालं तेव्हा फार आनंद झाला. बंगालीतही तो शब्द गार होण्याचाच आहे.

चित्र आणि टीप

एवढ्यावर संपलं नाही. चित्रकाराने पहिल्या कच्च्या चित्रात दाराबाहेर मावळा काढला होता: पागोटं, मिशा, भगवा झेंडा. त्याची चूक नव्हती. मराठी घोडेस्वार म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. मी त्याला चिपळूणच्या पत्राबद्दल सांगितलं. त्याने ते चित्र बाजूला ठेवलं. नवीन चित्रात अर्धवट लावलेलं दार आहे, आत पाळणा, अंगणात लसणाची कोवळी पात, आणि दूर बांधावरून उठलेली धूळ. घोडा नाही, माणूस नाही.

टीप लिहायचं काम माझ्याकडे होतं. अंगाई घेण्याला सरांचा विरोध शेवटपर्यंत राहिला. पुस्तकात ती नसती तर त्यांना बरं वाटलं असतं, हे ते आजही सांगतात. तरी टीप तपासायला मी त्यांच्याकडेच दिली. मी लिहिलं होतं, ‘मराठ्यांच्या काही सैनिकांनी बंगालमध्ये लूट केली.’ त्यांनी लाल शाईने दोन ठिकाणी खूण केली. ‘मराठ्यांच्या’ खोडून ‘नागपूरकर भोसल्यांच्या’ केलं, आणि समासात ‘१७४३ पाहा’ असं लिहिलं. ‘काही सैनिकांनी’ खोडून ‘फौजेने’ केलं. त्याच्या बाजूला काहीच लिहिलं नव्हतं.

छापलेली टीप अशी आहे: ‘बर्गी: बारगीर या शब्दावरून. मराठी लष्करात सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला बारगीर म्हणत. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने बंगालमध्ये वारंवार स्वाऱ्या केल्या आणि गावं लुटली. तिथल्या लोकांनी त्या सगळ्यांना बर्गी म्हटलं. ही अंगाई त्यांची आहे.’